बीएसडब्ल्यूनंतर काय? नवी मुंबईच्या निमित्ताने एक आढावा

समाजकार्याच्या पदवीधराला काम कुठे सापडेल हे पाहायचे, तर नवी मुंबईइतके सोयीचे शहर राज्यात क्वचितच असेल. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, तुर्भे-दिघ्याच्या डोंगरकडेच्या वस्त्या, वाशीच्या एपीएमसीतले माथाडी, नेरूळ-कामोठ्याची मोठी रुग्णालये, खारघरला टाटा स्मारक केंद्राचे अॅक्ट्रेक, तिथेच बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र, पलीकडे तळोजा कारागृह, आणि पनवेल-उलव्याकडे विमानतळासाठी उठलेली दहा गावे. हे सगळे तासाभराच्या अंतरात आहे. पाठ्यपुस्तकातले बहुतेक विषय इथे रस्त्यावर भेटतात.

काम आहे, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो जागेचा, हुद्द्याचा आणि पगाराचा. बारावीनंतर तीन वर्षे समाजकार्य शिकून बीएसडब्ल्यू झालेल्या मुलीला वा मुलाला या कामात दारातून आत घ्यायचे, की 'आधी एमएसडब्ल्यू करून या' म्हणून पदव्युत्तर पदवीकडे परत पाठवायचे, हा प्रश्न निदान चार दशके रेंगाळतो आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत कंपनी कायदा, बालन्याय कायदा, मानसिक आरोग्य कायदा आणि नवे शैक्षणिक धोरण यांनी त्याला नवी वळणे दिली. म्हणून हा हिशेब.

वरच्या मजल्यापासून बांधकाम

भारतात समाजकार्याचे शिक्षण पदव्युत्तर पातळीवर सुरू झाले, ही गोष्ट आजच्या अनेक अडचणींच्या मुळाशी आहे. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' निघाले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. १९४४ मध्ये त्याची टाटा समाजविज्ञान संस्था झाली आणि १९५४ मध्ये ती देवनारला गेली. नावातच 'ग्रॅज्युएट' होते. येणारा विद्यार्थी आधीच पदवीधर असे. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. तेव्हापासून रुग्णालये, कारखाने आणि न्यायालये यांच्या डोळ्यांसमोर 'प्रशिक्षित समाजकार्यकर्ता' म्हणून पदव्युत्तर माणूसच राहिला.

पुढे १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन, १९५८ मध्ये नागपुरात मातृसेवा संघाचे महाविद्यालय, १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था अशी केंद्रे उभी राहिली. विदर्भात तर समाजकार्य महाविद्यालयांचे जाळेच पसरले. पदवी अभ्यासक्रम या प्रवासात मागाहून आले. तोवर नोकऱ्यांचे नियम लिहून झाले होते. त्यात बीएसडब्ल्यूचे नाव नव्हते आणि नंतर ते घालण्याची घाई कोणाला वाटली नाही.

राज्यातल्या कारभाराची एक गंमतही इथे नोंदवायला हवी. अनुदानित समाजकार्य महाविद्यालये उच्च शिक्षण विभागाकडे नाहीत. ती सामाजिक न्याय विभागाकडे आहेत. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, अनुदान दुसऱ्या खात्याचे. ज्या खात्याकडे ही महाविद्यालये आहेत, त्याच खात्यात समाजकल्याण निरीक्षक किंवा वसतिगृहाचे गृहपाल व्हायला कोणत्याही विद्याशाखेची पदवी चालते. बीएसडब्ल्यूवाला तिथे बीकॉमवाल्याच्या शेजारी बसून तोच पेपर सोडवतो.

तीन वर्षांत शिकतात काय

वर्गात व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन, सामाजिक कृती, कल्याण प्रशासन आणि संशोधन या सहा पद्धती. जोडीला समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायद्यांची ओळख. पण या पदवीचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य, रोजच्या बोलण्यातले फील्डवर्क. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी एखाद्या संस्थेत, वस्तीत, शाळेत किंवा रुग्णालयात असतो, आणि प्रत्येक दिवसाचा अहवाल लिहून तो पर्यवेक्षक शिक्षकाकडून तपासून घेतो.

चांगला पर्यवेक्षक मिळाला तर या वहीत फार शिकायला मिळते. गृहभेटीनंतर विद्यार्थी लिहितो, 'कुटुंब सहकार्य करत नाही.' शिक्षक समासात विचारतो: घरात कोण होते? किती वाजता गेलात? पाण्याची वेळ होती का? पुढच्या आठवड्यात तोच विद्यार्थी सकाळचे पाणी भरून झाल्यावर जातो आणि बाई दोन शब्द जास्त बोलते. वाईट पर्यवेक्षक मिळाला तर दोन दिवस संस्थेची रजिस्टरे भरण्यात जातात आणि वहीत मागच्या वर्षीच्या मुलाचे अहवाल उतरतात. दोघांच्या गुणपत्रिकेत फरक मात्र दिसत नाही. या पदवीची बाजारातली किंमत ठरत नाही, त्याचे माझ्या मते हे मोठे कारण आहे: तिचा सर्वांत मोलाचा भाग बाहेरच्या माणसाला तपासता येत नाही.

कामाचे पाच रस्ते

पहिला रस्ता रुग्णालयाचा. शासकीय रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' हे पद आहे, पण त्याला एमएसडब्ल्यू लागते. धर्मादाय रुग्णालयांत चित्र थोडे वेगळे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. या एका योजनेमुळे मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत समाजसेवकाचे टेबल ही गरजेची गोष्ट झाली. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, रेशनकार्ड, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आजार बसतो का याची तपासणी, बसत नसेल तर ट्रस्टांना पत्रे, आणि तेवढ्यात बिलिंगवाल्यांचा फोन. कागद अपुरा असलेल्या नातेवाइकाला 'नाही' न म्हणता कुठला कागद कुठून आणायचा ते सांगणे, हे त्या टेबलावरचे खरे कौशल्य. बीएसडब्ल्यू झालेली माणसे इथे दिसतात, बहुधा सहायक म्हणून. मानसोपचार विभागात मात्र दार जवळपास बंद आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येनुसार मनोविकार समाजकार्यकर्त्याला समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांची एमफिल लागते. इकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एमफिलच बंद केली आणि या विषयाला फक्त काही काळ मुदतवाढ दिली. त्यामुळे एमएसडब्ल्यूवाल्यांचीही वाट अरुंद झाली आहे.

दुसरा रस्ता बालसंरक्षणाचा, आणि बीएसडब्ल्यूला नाव घेऊन बोलावणारा हा बहुधा एकच. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत जिल्हा बालसंरक्षण कक्षातल्या 'सोशल वर्कर' पदासाठी पदवी पुरते, आणि समाजकार्य, समाजशास्त्र वा सामाजिक शास्त्रांच्या पदवीधराला प्राधान्य आहे. मानधन दरमहा १८,५३६ रुपये. त्याखालच्या आउटरीच वर्करला १०,५९२. जागा कंत्राटी. नेरूळला एक खोली भाड्याने घ्यायची म्हटली तरी हा हिशेब कसा जुळवायचा, हे आकडा वाचूनच कळते. त्यात नवी मुंबई दोन जिल्ह्यांत विभागलेली: बेलापूरपर्यंतचा भाग ठाण्यात, खारघर-पनवेल रायगडात. खारघरच्या मुलीला जिल्ह्याच्या मुख्यालयी काम लागले तर अलिबाग गाठावे लागते.

याच क्षेत्रात १०९८ या हेल्पलाइनची कथा आहे. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन सुरू झाली आणि देशभरच्या स्वयंसेवी संस्थांतून तिने कितीतरी तरुण समाजकार्यकर्त्यांना पहिली नोकरी दिली. २०२३ मध्ये ती सरकारी यंत्रणेकडे गेली आणि ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाशी जोडली गेली. आणीबाणीचा फोन सरकारनेच घ्यावा, असे म्हणणारे आहेत. मुलाशी तासभर धीराने बोलण्याची सवय संस्थांकडे होती ती हरवेल, असे म्हणणारेही. नोकरीपुरते बोलायचे तर मालक बदलला, कंत्राट राहिले.

तिसरा रस्ता महापालिकांचा. १ जानेवारी १९९२ रोजी स्थापन झालेल्या नवी मुंबई महापालिकेला समाजविकास विभाग आहे, वाशीला दिव्यांग मुलांसाठीचे ईटीसी केंद्र आहे. २०१६ पासून शेजारी पनवेल महापालिका आहे. बचत गटांचे काम पाहणारे समूह संघटक, फेरीवाल्यांची सर्वेक्षणे, बेघरांसाठीचे निवारे, एचआयव्ही समुपदेशन अशी कामे इथे निघतात. दिव्यांग क्षेत्रात जायचे असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम जोडून घेतल्याने बीएसडब्ल्यूचे वजन वाढते, कारण तिथे नोंदणी क्रमांक मिळतो आणि तो देशभर चालतो.

चौथा रस्ता उद्योगांचा. कारखाने अधिनियम १९४८च्या कलम ४९ नुसार ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या संहितेने ही मर्यादा २५० वर आणली. कागदावर पदे वाढायला हवीत. पण या पदासाठी राज्यात आजवर पदवीनंतरची विशेष पदवी वा पदविकाच मागितली गेली आहे, आणि मोठ्या कारखान्यांच्या जागी गोदामे नि आयटी पार्क उभे राहिलेल्या पट्ट्यात एवढ्या कायम कामगारांचे कारखाने किती उरलेत, हेही पाहावे लागेल. सीएसआरची गोष्ट वेगळी. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ मुळे १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. त्यातून शाळा, आरोग्य, कौशल्य प्रशिक्षण यांचे प्रकल्प आले आणि क्षेत्रीय समन्वयकांच्या नोकऱ्या आल्या. कंपनीच्या कार्यालयात बसून निधी वाटणारा मात्र बहुधा व्यवस्थापनाचा पदवीधर असतो. वस्तीत फोटो नि हजेरी घेऊन येणारा बीएसडब्ल्यू.

पाचवा आणि सर्वांत जुना रस्ता स्वयंसेवी संस्थांचा. १९८४ पासून शहरी गरिबांत काम करणाऱ्या 'युवा'चे केंद्र खारघरलाच आहे. कचरावेचक, नाका कामगार, घरकामगार, प्रकल्पग्रस्त यांच्यासोबत काम करणाऱ्या लहानमोठ्या संस्था या पट्ट्यात आहेत. बीएसडब्ल्यूला पहिली संधी बहुतेकदा इथेच मिळते, पुष्कळदा फील्डवर्क केलेल्या संस्थेतच. पण परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने अशा देणग्यांतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला हा पैसा देण्यावर बंदी आली. मोठ्या संस्थेकडून निधी घेऊन चार कार्यकर्ते ठेवणारी वस्तीतली छोटी संस्था यात सर्वांत आधी अडचणीत आली.

याखेरीज पाहणी आणि सर्वेक्षणाची तात्पुरती कामे असतात. २०१३च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणाम मूल्यांकन बंधनकारक केल्यापासून ती वाढली. आणि बरेच जण सरळ एमपीएससी, बीएड, एलएलबीकडे वळतात. त्याला अपयश म्हणणे मला पटत नाही. बालकल्याण समितीसमोर उभा राहणारा वकील आधी समाजकार्य शिकलेला असेल, तर त्यात समाजाचे काही बिघडत नाही.

चार बाजू

पहिली बाजू एमएसडब्ल्यूची. तिचे म्हणणे असे: एकविशीतल्या मुलामुलींच्या हाती लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाचे प्रकरण किंवा आत्महत्येचा प्रयत्न केलेला रुग्ण देणे, हा त्या रुग्णावर आणि त्या कार्यकर्त्यावरही अन्याय आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत १९८४ मध्ये सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष पोलीस ठाण्याच्या आवारात टिकला, तो तिथे बसणाऱ्या प्रशिक्षित आणि देखरेखीखाली काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांमुळे. पदवी ही तयारी आहे, परवाना पुढे मिळावा.

दुसरी बाजू बीएसडब्ल्यूची. ती विचारते, की बीकॉम करून दोन वर्षांत एमएसडब्ल्यू झालेला आणि तीन वर्षे वस्तीत घालवून मग तीच दोन वर्षे पुन्हा करणारा, यांना एकाच रांगेत उभे कसे करता? अमेरिकेत मान्यताप्राप्त बीएसडब्ल्यू असलेल्याला पुढची पदवी सुमारे एका वर्षात पुरी करता येते. इंग्लंडमध्ये २००३ पासून पदवी हीच या व्यवसायाची पात्रता झाली, आणि 'सोशल वर्कर' हे नाव २००५ पासून नोंदणीशिवाय लावता येत नाही. आपल्याकडे पायाभूत अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून. शिवाय बीएसडब्ल्यूला येणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने मराठी माध्यमातले, कुटुंबातल्या पहिल्या पिढीचे पदवीधर असतात. आणखी दोन वर्षे बिनकमाईची घालवा, असे त्यांना सांगणे सोपे नाही.

तिसरी बाजू परिषदेची. वकिलांना, परिचारिकांना आहे तशी राष्ट्रीय परिषद असावी, नोंदणी असावी, नोंदणीचे स्तर असावेत, म्हणजे बीएसडब्ल्यूची जागा आपोआप ठरेल, असे मांडणारे १९९०च्या दशकापासून आहेत. ती झालेली नाही. मधल्या मध्ये २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याने वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांना आपल्या यादीत घेतले. बाकीचे, म्हणजे वस्ती, बालसंरक्षण, कामगार, कारागृह यांत काम करणारे, बाहेर राहिले. एकाच व्यवसायाचे दोन तुकडे पडण्याची भीती त्यातून आहे.

चौथी बाजू या सगळ्या परवाना प्रकरणाकडेच संशयाने पाहते. ज्या राज्यात फुले दांपत्यापासून दि. बा. पाटलांच्या प्रकल्पग्रस्त चळवळीपर्यंत लोकांनी पदवी न विचारता काम उभे केले, तिथे नोंदणी नसलेल्याला समाजकार्यकर्ता म्हणायचे नाही का, असा तिचा सवाल आहे. दलित आणि आदिवासी समाजकार्याची मांडणी करणाऱ्या अभ्यासकांनी त्यात भर घातली: अभ्यासक्रमच अमेरिकी साच्यातला असेल, तर त्याच्या आधारे दिलेला परवाना कोणाला आत घेईल आणि कोणाला बाहेर ठेवेल? उलट, मेधा पाटकरांसारख्या आंदोलकही टाटा संस्थेतच समाजकार्य शिकल्या, याची पहिल्या बाजूचे लोक आठवण करून देतात.

मला स्वतःला दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक वजनदार वाटते, पण एका अटीवर. क्षेत्रकार्याचे तास आणि दर्जा बाहेरून तपासता येईल अशी काही व्यवस्था झाल्याशिवाय 'तीन वर्षांचा अनुभव' हा दावा कोणी मान्य करणार नाही, आणि करूही नये.

अजून न सुटलेले

कायद्यांची भाषा एकसारखी नाही, हा पहिला गुंता. बालन्याय कायदा २०१५ मध्ये बालकल्याण समितीच्या सदस्यासाठी चालणाऱ्या पदव्यांत समाजकार्य आहे. त्याच कायद्यात बालन्याय मंडळावर जे दोन 'सामाजिक कार्यकर्ते' सदस्य घ्यायचे, त्यांच्यासाठी सात वर्षांच्या कामाचा अनुभव किंवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र नाहीतर कायद्याची पदवी असलेला व्यावसायिक, असे म्हटले आहे. समाजकार्याची पदवी त्या यादीत नाही. पद समाजकार्यकर्त्याचे आणि पदव्यांच्या यादीत समाजकार्य गायब, हे वाचून विद्यार्थी हसतात. पण ती दुरुस्ती २०२१च्या सुधारणेतही झाली नाही.

दुसरा गुंता कंत्राटाचा. ११ महिन्यांचा करार, एका दिवसाचा खंड, पुन्हा करार. समाजकार्यात ओळखीला किंमत असते; वस्तीतल्या बायका ज्या ताईला घरातले सांगतात, ती ताई वर्षाने बदलली तर काम मागे जाते. हे नुकसान कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. संध्याकाळनंतरच्या गृहभेटी, त्यासाठीचा प्रवासखर्च, सोबत दुसरे कोणी असणे, हे विषयही संस्थेच्या मर्जीवर आहेत, आणि हे काम करणाऱ्यांत मुलींचे प्रमाण मोठे आहे.

तिसरा गुंता नव्या शैक्षणिक धोरणाचा. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. तिच्यात चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स घेणाऱ्याला पदव्युत्तर पदवी एका वर्षात करता येण्याची तरतूद आहे. म्हणजे दुसऱ्या बाजूची जुनी मागणी आडवाटेने मान्य झाली. त्या तुकडीतले विद्यार्थी २०२८ मध्ये एमएसडब्ल्यूच्या दारात उभे राहतील. त्यांच्या चार वर्षांच्या क्षेत्रकार्याचे श्रेयांक किती धरायचे, एका वर्षात विशेषीकरण कसे बसवायचे, चौथे वर्ष शिकवायला शिक्षकांची पदे कुठून आणायची आणि ती मंजूर करायची सामाजिक न्याय विभागाने की उच्च शिक्षण विभागाने, याची उत्तरे महाविद्यालयांना त्याआधी लागणार आहेत. तीन वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांसाठी नोकरीच्या जाहिराती मात्र अजून जुन्याच नियमांनुसार निघतात.